धाकट्या जावयाचा पहिला धोंडा

अनारसे हसल्याची बातमी सुश्रुतला ब्रॅकनेलहून निघतानाच फोनवर मिळाली.

"पहिला अख्खा घाणा पसरला रे," लीलावतीबाई रडवेल्या आवाजात सांगत होत्या. "तांदूळ तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदललं. तुझ्या वेळी कधी एक हसला नव्हता."

"पिठात थोडं सुकं पीठ घाला, आई. गूळ जास्त झाला असेल," सुश्रुत म्हणाला. फोन ठेवल्यावर गाडी चालवताना तो उगाचच शीळ घालायला लागला. शेजारी बसलेल्या बायकोने, चैत्रालीने, त्याच्याकडे वळून पाहिलं.

"व्हॉट आर यू सो हॅपी अबाउट?"

"कुठे काय? रविवार आहे."

खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. तेहेतीस अनारशांचं वाण त्याने सासरी तीनदा घेतलं होतं, नव्व्याण्णवला, दोन हजार एकला आणि चारला. तिन्ही वेळा अनारसे कसे जाळीदार, एकसारखे. यंदा अधिक ज्येष्ठात वाणं दोन होती, म्हणजे सहासष्ट अनारसे, आणि त्यातला पहिलाच घाणा हसला होता. अनारशांनाही खरा जावई कोण ते कळतं, असं सुश्रुतच्या मनात आलं. अडतिसाव्या वर्षी, ब्रॅकनेलच्या आयटी कंपनीत अठरा माणसं हाताखाली असताना, एक माणूस तळणीतल्या पदार्थाकडून आपली बाजू घेववतो म्हणजे त्याच्या पोटात किती दुखत असेल याचा अंदाज यावा.

पोटातलं दुखणं दोन वर्षांचं होतं. त्याचं नाव रेमी केर्व्हेल.

चैत्रालीच्या धाकट्या बहिणीने, निधीने, ब्रिस्टलला फिजिओथेरपीची नोकरी धरली आणि तिथल्या फुटबॉल क्लबातला एक फ्रेंच मिडफिल्डर धरून आणला, तेव्हा लंडनच्या पिनर भागातल्या या सासरच्या घरात महिनाभर सुतक असल्यासारखं होतं. त्या काळात सगळ्यांची समजूत सुश्रुतनेच घातली होती. तेव्हा त्याला ते परवडत होतं. पेचाच्या वेळी घराने आपल्याकडे बघावं आणि आपण शांतपणे सांगावं, 'बाबा, मुलगा चांगला आहे,' यात मोठेपणा होता. मुलगा इतका चांगला निघेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

घराशी पोचले तर रेमीची गाडी आधीच उभी. ब्रिस्टलहून येऊन ही मंडळी त्यांच्याआधी हजर होती. दार मंजिरीमावशींनी उघडलं. लीलावतीबाईंची ही धाकटी बहीण शेजारच्या हॅरोत राहायची आणि घरातल्या प्रत्येक प्रसंगी मत देण्याचं काम बिनपगारी करायची. सुश्रुतच्या लग्नात 'मुलाला व्हिसा हवाय, दुसरं काय' हे मत त्यांचंच. रेमीला आधी 'तो बूटवाला' म्हणणाऱ्याही त्याच. पण एकदा शनिवारच्या हायलाइट्समध्ये बूटवाला टीव्हीवर चार सेकंद दिसला आणि मावशींचं मत फिरलं.

"या या. रेमीने मला सोफ्यावरून उठू न देता स्वतः चहा करून दिला, बघा," त्या म्हणाल्या. "कोण करतं हो एवढं?"

गेली नऊ वर्षं दर रविवारी या घरात चहा सुश्रुतच करत होता. त्याने चपला काढल्या, सवयीने घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेला.

लीलावतीबाईंनी दुसऱ्या घाण्यात लाज राखली होती. ओट्यावर चांदीचे दोन वाडगे, दोन्हीत अनारसे रचलेले. हसलेले काही त्यांनी दोन्हींत खाली दडवले होते. त्या देवघरात वाती शोधायला गेल्या आणि सुश्रुतने ते केलं जे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्याने वरचे अनारसे हळूच उचलून दोन्ही वाडग्यांतले हसलेले मोजले. डावीकडच्या वाडग्यात, म्हणजे थोरल्याच्या, सात. उजवीकडे पाच.

"बाबा कुठे आहेत?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

"व्हेअर एल्स?" निधी हसली. "गॅरेजमध्ये. रेमी पण तिथेच आहे. माझा अख्खा वीकेंड त्या वासात जातो, सुश्रुतदादा."

वासाबद्दल दुमत नव्हतं. सडलेलं शेवाळ, मीठ आणि गटार यांचा तो वास शेजारच्यांनी कौन्सिलला कळवण्याइतका होता. रेमीचं गाव फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं, ब्रिटनीतलं. त्याचे आजोबा ओहोटीला लांब आकडीने समुद्रातलं शेवाळ ओढून काढायचे, घोडागाडीत भरायचे आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकायचे. नातू पंधराव्या वर्षी फुटबॉलच्या अकादमीत गेला, एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला आला. उत्तरेतल्या एका मोठ्या क्लबाच्या राखीव बाकावर चार वर्षं बसला आणि मग ब्रिस्टलला सहा वर्षं खेळला. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्या ऑपरेशननंतर मैदानाबाहेर बसून काय करायचं, म्हणून त्याने क्लबाच्या माळ्याशी दोस्ती केली. जानेवारीत गोलपोस्टापुढच्या गवताचा चिखल व्हायचा. रेमीने गावाहून शेवाळ मागवलं, आजोबांसारखं आंबवलं आणि एका कोपऱ्यात शिंपडलं. सगळं मैदान पिवळं पडलं, तेव्हा तेवढा कोपरा हिरवा राहिला.

अडचण एकच होती, ते शेवाळाचं पाणी फवाऱ्याच्या तोटीत अडकायचं. आणि सासऱ्यांनी, पुरुषोत्तमरावांनी, एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून दुसरं केलं तरी काय होतं? रंग खाली बसू नये, गाठी होऊ नयेत, ब्रशातून सारखा उतरावा, यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर सहा वर्षं पेपर वाचून कंटाळलेला माणूस गमबूट घालून गॅरेजमध्ये शिरला तो बाहेर यायचं नाव घेईना.

सुश्रुत गॅरेजच्या दाराशी गेला. दोघं एका पिंपावर वाकले होते. सासरे कापडातून काहीतरी गाळत होते, रेमी कापडाची दोन टोकं धरून उभा होता.

"दादा," रेमी म्हणाला. निधीचं ऐकून तो तसंच म्हणायचा, फक्त 'द' त्याच्या तोंडात मऊ पडायचा. "बघा. नो गाठी."

"ये रे सुश्रुत," सासऱ्यांनी मान वर न करता म्हटलं. "मघाशी मी याला विचारलं, मिडफिल्डर म्हणजे नक्की करतो काय? गोल तर तू मारत नाहीस. तर म्हणाला, बॉल ज्याला हवा त्याला, हवा तेव्हा द्यायचा. लोकांना तो दिसत नाही. पण तो नसला की सगळं बिघडतं. मला फार आवडलं हे."

नऊ वर्षं मी या घरात वेगळं काय केलं? सुश्रुतच्या मनात आलं. हॉस्पिटलच्या वाऱ्या कुणी केल्या, पेन्शनचे फॉर्म कुणी भरले, नागपूरच्या चुलत भावंडांशी अबोला कुणी मिटवला? त्याच्याबद्दल असं वाक्य कुणी काढलं नव्हतं. एक फ्रेंच माणूस स्वतःबद्दल बोलला आणि सासरे भाळले. तो 'छान' म्हणाला आणि पाटरांगोळी करायला परत फिरला.

बाराला सगळे पुढच्या खोलीत जमले. दोन जोड्यांना चार पाट. रेमीचा गुडघा मुडपत नव्हता, म्हणून त्याच्या पाटावर लीलावतीबाईंनी बागेतलं बुटकं स्टूल ठेवलं. लक्ष्मीनारायण म्हणून पुजायच्या जोडीतला नारायण स्टुलावर, याची सुश्रुतला गंमत वाटली. तो स्वतः मांडी घालून ताठ बसला.

निरांजन लावलं. ओवाळायला तबक उचललं तेवढ्यात पुरुषोत्तमराव म्हणाले, "थांब जरा, लीला. आधी एक सांगायचंय. सगळे आहेत तोवर सांगतो."

ते सोहळ्यात बोलणारे गृहस्थ नव्हते, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"रेमीने फुटबॉल सोडलं. एकोणतिसाव्या वर्षी. आता आम्ही दोघं मिळून कंपनी काढतोय. केर्व्हेल अँड प्रधान. चार क्लबांनी मैदानांसाठी मागणी दिली आहे. ब्रिस्टलला शेड बघितलीये, आणि मी आठवड्याचे चार दिवस तिकडेच राहणार आहे."

"अगं बाई," मंजिरीमावशी म्हणाल्या. "या वयात कंपनी."

"या वयात नाही तर कधी?" पुरुषोत्तमराव हसले. इतकं मोकळं हसताना सुश्रुतने त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

सुश्रुतच्या कानात मात्र दुसरंच वाक्य वाजत होतं. सहा वर्षांपूर्वी, याच खोलीत, त्याने स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढायचा कागद पुढे ठेवला होता. सासऱ्यांनी चष्मा न लावता तो परत केला होता. 'आधी व्हिसा पक्का होऊ दे. नोकरी सोडू नकोस.' कागद अजूनही ब्रॅकनेलच्या कपाटात होता. त्याला 'बघू' म्हणायलाही ज्यांना जड गेलं, ते आता याच्यासाठी आठवड्याचे चार दिवस घर सोडणार होते. मग रविवारी यायचं कुणाकडे? कुणाचं प्रेशर बघायचं, बॉयलरचं आणि माणसाचं?

त्याच वेळी मावशींना कळवळा आला. "देव करतो ते बऱ्यासाठी. त्या मेल्या क्लबाने बिचाऱ्याला काढून टाकलं, पण बघा कसं सोनं झालं."

"दे जस्ट थ्रू हिम अवे, मावशी," निधीचे डोळे लगेच भरले. "सहा वर्षं. मी तिथल्या प्लेअर्सच्या एका पण बायकोशी बोलत नाही आता. मॅनेजरला मी सांगितलं, यू शुड बी अशेम्ड."

रेमीने मान खाली घातली.

आणि सुश्रुतला कळलं की आपण बोलणार आहोत. थांबता आलं असतं. थांबायला हवं हेही त्याला कळत होतं. दहा दिवसांपूर्वी रेमी ब्रिस्टलहून ब्रॅकनेलला आला होता, सुश्रुतच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसला होता आणि चहा गार होईपर्यंत बोलत होता. क्लबाने त्याला काढलं नव्हतं. उलट एका वर्षाचा करार पुढे केला होता. सर्जन म्हणाला होता, अजून एक हंगाम खेळलास तर मुलांमागे पळता येणार नाही. निधीला करार कळला असता तर ती म्हणाली असती, एकच वर्ष, मी सांभाळते गुडघा. म्हणून त्याने तिला 'दिला नाही' असं सांगून टाकलं होतं, आणि आता ते खोटं गिळवत नव्हतं. 'दादा, सांगू तिला? आज?' त्याने विचारलं होतं. तेव्हा सुश्रुतने खुर्चीत मागे टेकून, थोरल्या साडूच्या आवाजात सल्ला दिला होता. 'थांब. धोंड्याचं जेवण होऊ दे. वाणाच्या तोंडावर घरात वाद नको.'

"काढलं कुठे?" सुश्रुत आता म्हणाला. आवाज त्याने साधा ठेवला, चेहऱ्यावर हसू ठेवलं. "क्लबाने अजून एक वर्ष दिलं होतं की. रेमीनेच नको म्हटलं. हो ना रेमी?"

निरांजनाची वात तेवढी हलत होती. चैत्रालीने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"इज दॅट ट्रू?" निधी रेमीला म्हणाली.

"आय वॉज गोइंग टु टेल यू टुनाइट."

"दादाला माहितीये? यू टोल्ड हिम, अँड मी मूर्खासारखी सगळ्यांशी भांडत फिरते? मॅनेजरला शेम म्हणाले मी, रेमी. त्याच्या ऑफिसात जाऊन."

ती पाटावरून उठली. रेमी स्टुलाला धरून उठेपर्यंत पुढचं दार आपटलं होतं. तो लंगडत तिच्यामागे गेला, आणि जाताना त्याने सुश्रुतकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर सुश्रुतला सोपं गेलं असतं. पण एखाद्याने चुकीच्या घराची बेल वाजवावी तसा तो नुसता गोंधळलेला होता.

"अर्धवट वाण देत नाहीत," लीलावतीबाई तबक हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. "ओवाळायला घेतलं की थांबत नाहीत."

"मी आधीच म्हटलं होतं, परका तो परका," मंजिरीमावशींनी पक्ष बदलायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. "आपला सुश्रुत म्हणून खरं बोलला."

ही साथ मिळाल्यावर सुश्रुतला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"सुश्रुत," पुरुषोत्तमराव म्हणाले, "जरा चल माझ्याबरोबर."

गॅरेजमध्ये गाळलेलं पिंप तसंच उघडं होतं. सासऱ्यांनी त्यावर झाकण ठेवलं, नीट दाबलं, आणि मग विचारलं, "तुला त्याने कधी सांगितलं?"

"दहा दिवस झाले."

"आणि तू त्याला थांब म्हणालास."

"हो."

"मग?"

"निघून गेलं तोंडातून, बाबा."

"नाही," पुरुषोत्तमराव म्हणाले. "तुझ्या तोंडातून कधीच काही निघून जात नाही. त्याने सगळं आधी मला सांगितलं होतं, इथेच. त्याच संध्याकाळी निधीला सांगायला निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, आधी ब्रॅकनेलला जा, सुश्रुतला विचार. माझ्या आणि लीलाच्या पोटात काही राहत नाही. या घरात गोष्ट ठेवायची तर त्याच्याकडे ठेवायची. माझ्यानंतर या घरात मोठा तोच, तो सांगेल तसं कर."

सुश्रुतने पिंपाची कड धरली. दोन वर्षं जे त्याला हवं होतं ते त्याच्याच टेबलावर, गार चहाशेजारी, येऊन बसलं होतं आणि त्याला ओळखू आलं नव्हतं.

"मला सहन झालं नाही," तो म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी कंपनी काढतो म्हटलं तेव्हा तुम्ही कागदसुद्धा वाचला नाहीत. आणि याच्यासाठी घर सोडून चाललात. माझा जळफळाट झाला, बाबा. खरं सांगतो."

पुरुषोत्तमरावांनी पिंपाचं झाकण पुन्हा एकदा दाबलं. "तेव्हा मी घाबरलो होतो. तुझी नोकरी गेली तर व्हिसा जाईल, आणि चैत्राली तुझ्यामागे पुण्याला जाईल, म्हणून. चुकलं असेल माझं. पण ते मला विचारायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी. त्या पोरीला चारचौघांत का तोडलीस?"

सासऱ्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. हात धुऊन ते आत गेले.

तासाभराने निधी आणि रेमी गाडीतून उतरून आत आले. तिचे डोळे सुजले होते. काय ठरलं, किती भांडले, कुणी विचारलं नाही. ती रेमीशेजारी बसली, मधे वितभर जागा ठेवून. थोड्या वेळाने त्याचा गुडघा कळ देऊ लागला तसा तिने न बघताच त्याखाली उशी सरकवली. सुश्रुतकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.

"वहिनी... निधी, सॉरी," सुश्रुत पुटपुटला. त्याला नात्यांची नावंही सुचेनात. ती पाटाच्या रांगोळीकडे बघत राहिली.

लीलावतीबाईंनी ओवाळलं. आधी थोरल्या जोडीला. कुंकू, अक्षता, चांदीचा वाडगा आणि त्यावर पेटता दिवा. सुश्रुतने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. रीत होती तशी पुरी झाली, कुठे तसूभर कमी नाही. मग धाकट्या जोडीला. रेमी 'धन्यवाद, आई' म्हणाला आणि दिवा सांभाळताना त्याचा वाडगा कलला. निधीने खालून वाडग्याला हात लावला.

मग पानं वाढली. पुरणाचे धोंडे वाफाळत होते. तुपाची वाटी आत ओट्यावर राहिली, म्हणून सुश्रुत सवयीने उठायला लागला.

"बस, बस," पुरुषोत्तमराव म्हणाले. "आज तुझा मान आहे. रेमी, ते तूप आण रे, आणि येताना मागची खिडकी उघड, धूर झालाय."

"राहू दे बाबा, त्याचा गुडघा..."

"आणेल तो. घरचाच आहे."

रेमी लंगडत गेला, खिडकी उघडल्याचा आवाज आला, तूप आलं. पुरुषोत्तमरावांनी वाटी घेतली, स्वतः वाकून सुश्रुतच्या पानावर सढळ धार धरली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गावाहून आलेल्या व्याह्यांसमोर असतं तसं एक नीटनेटकं हसू होतं.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "संकोच करू नकोस. काही लागलं तर सांग."

चैत्रालीचा घास हातात थांबला. या घरात फ्रीज उघडून उभ्याने जेवलेल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही, हे तिला कळलं, आणि सुश्रुतलाही.

"नाही, सगळं आहे," तो म्हणाला. "फार छान झालंय." आणि पाहुण्याने टाकू नये म्हणून पानातलं सगळं संपवलं.